विश्वाला आतून मोजताना

विश्व संपतं तिथे पुढे काय, हा प्रश्न लहानपणी कुणाला पडत नाही? मोठ्यांकडे उत्तर नसतं, मग तो हळूहळू विचारायचा राहून जातो. माझा राहिला नाही. वाचत गेले तसं कळत गेलं की या पोरकट वाटणाऱ्या प्रश्नावर माणसांनी विलक्षण कसून काम केलं आहे. त्यातून त्यांनी जे मिळवलं, ते मला आजवर कळलेल्या सगळ्यात धाडसी गोष्टींपैकी एक वाटतं.

या प्रश्नाची एक फार जुनी आणि नेमकी मांडणी टॅरेंटमच्या आर्कायटसच्या नावावर आहे. हा ग्रीक गणिती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, प्लेटोच्या ओळखीतला. तो म्हणतो, मी विश्वाच्या अगदी काठावर जाऊन उभा राहिलो, तर हात किंवा काठी पुढे करता येईल की नाही? आली, तर पलीकडेही जागा आहे. नाही आली, तर अडवणारं काहीतरी पलीकडे आहे. म्हणजे कसंही पाहिलं तरी तो काठ शेवटचा ठरत नाही. या युक्तिवादात उपकरण नाही, आकडेमोड नाही, कुणाच्या शब्दाचा आधार नाही. आहे तो एक माणूस आणि त्याने पुढे केलेला हात. हा युक्तिवाद दोन हजारांहून जास्त वर्षं टिकला. काठ नाही म्हणजे अंत नाही, हे इतकं उघड वाटत होतं की या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, अशी शंका घ्यायचं कारणच कुणाला दिसलं नाही.

ती शंका बर्नहार्ड रीमान या जर्मन गणितीने घेतली. १० जून १८५४ रोजी गटिंगेन विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी त्याला एक व्याख्यान द्यायचं होतं. वय २७. त्याने तीन विषय सुचवले होते आणि प्रथा पहिल्याची निवड करण्याची होती, पण तिथला ज्येष्ठ गणिती, ७७ वर्षांचा गाउस, याने तिसरा निवडला : भूमितीच्या पायाशी असलेली गृहीतकं. त्या व्याख्यानात रीमानने सांगितलं की अवकाशाला सीमा नसणं वेगळं आणि अवकाश अनंत असणं वेगळं. पहिल्या गोष्टीतून दुसरी निघत नाही. अवकाशाला सगळीकडे सारखी धन वक्रता असेल, मग ती कितीही बारीक का असेना, तर त्याला काठ नसूनही त्याचा विस्तार मोजका असेल.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचंच घ्या. त्यावर कुठल्याही दिशेला कितीही चाला, कड लागत नाही. तरी त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर इतकंच आहे. आता यात एक मिती वाढवायची. हे चित्र डोळ्यांपुढे आणता येत नाही, निदान मला तरी नाही, पण त्याचं वर्णन अगदी काटेकोरपणे करता येतं. अशा अवकाशात स्वतःभोवती मोठमोठे गोल कल्पिले, तर त्यांचं पृष्ठफळ आधी अपेक्षेपेक्षा कमी वेगाने वाढेल, मग एका अंतरावर वाढायचं थांबेल, आणि त्याही पुढे गेलं की गोल लहान लहान होत एका बिंदूत मिटून जाईल. तो बिंदू आपल्यापासून सगळ्यात दूर. तिथूनही सरळच पुढे जात राहिलं, तर पाठ न फिरवता निघालो त्या जागी परत येऊ. आर्कायटसला हात पुढे करायला कुठेच अडचण नाही, आणि तरीही जागा मोजकी आहे.

हे कळल्यावर पहिला आक्षेप मनात येतो तो असा, की अवकाश वाकलेलं असेल तर ते कशात वाकलंय? त्याच्या बाहेर आणखी काहीतरी हवंच ना? नको. हे गाउसने पृष्ठभागांपुरतं १८२७ मध्येच सिद्ध केलं होतं. वक्रता हा पृष्ठभागाचा स्वतःचा गुण आहे, तो ओळखायला पृष्ठभागातून बाहेर पडावं लागत नाही. मोजायचं ते त्रिकोण. उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्तांवर, एकमेकांशी काटकोन करून, विषुववृत्तापर्यंत खाली या आणि विषुववृत्ताने ती टोकं जोडा. तिन्ही कोन ९० अंशांचे, बेरीज २७०. शाळेतल्या १८० पेक्षा हे जे जास्तीचे ९० अंश, ते पृथ्वी गोल असल्याचे आहेत. ते मोजायला अंतराळात जाऊन पृथ्वीकडे वळून पाहायची गरज नाही. बेरीज १८० हून जास्त असेल तर वक्रता धन, कमी असेल तर ऋण, बरोबर १८० असेल तर शून्य.

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट ही आहे. आपण विश्वाच्या आत आहोत, कायमचे आत आहोत. बाहेर उभं राहून त्याच्याकडे पाहायची सोय कुणालाच नाही, कारण बाहेर असं काही असायची गरजच नाही. तरीसुद्धा त्याचा आकार विचारता येतो आणि त्या विचारण्याला उत्तर मिळू शकतं. अट एकच : त्रिकोण पुरेसा मोठा हवा.

गाउसने हानोवरच्या भूमापनात तीन डोंगरमाथे जोडून एक प्रचंड त्रिकोण मोजला होता. त्याची सगळ्यात लांब बाजू १०० किलोमीटरच्या वर होती. तो त्यातून अवकाशाचीच वक्रता तपासत होता अशी एक गोष्ट सांगतात. तिच्याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. तपासत असता तरी त्याला १८० च मिळाले असते. विश्वाच्या मानाने तो त्रिकोण ठिपक्याएवढाही नव्हता. पुढे १९०० मध्ये कार्ल श्वार्त्सशिल्डने ताऱ्यांच्या अंतरांवरून अवकाशाची वक्रता जास्तीत जास्त किती असू शकेल याचा हिशेब केला. तोही ठिपकाच. पण आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत यायला अजून १५ वर्षं होती आणि एक खगोलशास्त्रज्ञ अवकाश सपाट आहे हे गृहीत न धरता मोजून पाहत होता, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आपली समीकरणं सबंध विश्वाला लावली. अनंत अंतरावर काय चालू आहे याबद्दल काहीतरी ठरवून टाकल्याशिवाय समीकरणं सुटेनात, आणि असं काही मनाने ठरवणं त्याला पसंत नव्हतं. मग त्याने रीमानची वाट धरली : विश्व सांत, म्हणजे मोजकं, पण बिनकाठाचं. दूरवरचं काही ठरवायलाच नको, कारण दूरवर काठ नाही. ते विश्व स्थिर राहावं म्हणून त्याने समीकरणात एक स्थिरांक घातला. पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, पेट्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमनने दाखवलं की विश्व स्थिर असण्याची सक्ती समीकरणं करतच नाहीत, ते प्रसरणही पावू शकतं. आइन्स्टाइनने आधी यात चूक असल्याचं छापलं आणि १९२३ मध्ये ती टीका मागे घेतली. १९२४ मध्ये फ्रीडमनने ऋण वक्रतेच्या विश्वाचीही शक्यता मांडली आणि एक बारीक गोष्ट नोंदवली : विश्व सांत आहे की अनंत, हे नुसत्या वक्रतेवरून ठरत नाही. पुढच्याच वर्षी तो ३७ व्या वर्षी टायफॉइडने गेला. विश्व खरोखर प्रसरण पावतंय, हे १९२७ मध्ये लमेत्र आणि १९२९ मध्ये हबल यांच्या कामातून पुढे आलं. ते पाहायला फ्रीडमन नव्हता. त्या बारीक नोंदीकडे पुन्हा वळायचंच आहे.

सापेक्षतेने आकाराचा प्रश्न वजनाच्या प्रश्नाशी जोडून दिला. विश्व ज्या वेगाने प्रसरण पावतंय त्या वेगाशी जुळणारी एक ठरावीक घनता असते, तिला क्रांतिक घनता म्हणतात. प्रत्यक्ष घनता तिच्याहून जास्त असेल तर अवकाश स्वतःत मिटणारं, कमी असेल तर खोगिरासारखं उघडत जाणारं, आणि नेमकी तेवढीच असेल तर सपाट. ही क्रांतिक घनता किती असेल? एका घनमीटरमध्ये हायड्रोजनचे सुमारे ५ अणू. आपण प्रयोगशाळेत जी उत्तमातली उत्तम निर्वात पोकळी बनवतो, तीही याच्यापुढे खच्चून भरलेली ठरते. एका खोलीएवढ्या जागेत दोन-तीनशे अणू आहेत की त्याहून थोडे कमी, यावर सबंध विश्वाचं रूप अवलंबून असावं, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसले होते.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ खगोलशास्त्रज्ञ हे वजन करत राहिले आणि ते सारखं कमी भरत राहिलं. तारे आणि वायू मिळून क्रांतिक घनतेच्या ५ टक्क्यांच्या आसपास. दीर्घिकांच्या फिरण्यावरून कळलेला, न दिसणारा कृष्ण पदार्थ धरला तरी तीस-बत्तीस टक्के. म्हणजे विश्व उघडं, खोगिरासारखं असायला हवं होतं. वजनाचा काटा एक सांगत होता आणि त्रिकोण अजून कुणी मोजलेलाच नव्हता.

तो त्रिकोण कुठे मिळाला ते सांगण्याआधी अंतरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. मग आपल्याला दिसणारी सगळ्यात दूरची गोष्ट १३.८ अब्ज प्रकाशवर्षांवर असायला हवी, असं वाटतं. पण प्रकाश वाटेत असताना वाटच लांबत होती. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं निवलं की इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं एकत्र येऊन अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी शोध जाहीर केलेलं पार्श्वभूमी प्रारण म्हणजे तोच प्रकाश, आता ताणला जाऊन सूक्ष्मतरंग झालेला, निरपेक्ष शून्याच्या फक्त २.७ अंश वर. आज आपल्यापर्यंत पोचणारा हा प्रकाश ज्या पदार्थातून निघाला, तो पदार्थ त्या वेळी आपल्या जागेपासून फक्त ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होता. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला १३.८ अब्ज वर्षं लागली, कारण मधलं अवकाश या काळात अकराशे पट पसरलं. आणि तो पदार्थ आज, एव्हाना त्याच्यापासून दीर्घिका बनून गेल्या असताना, ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

हे ४६ अब्ज म्हणजे आपल्या दृश्य विश्वाची त्रिज्या. ती विश्वाची त्रिज्या नव्हे. बातम्यांमध्ये ‘विश्वाचा व्यास ९३ अब्ज प्रकाशवर्षं’ असं सर्रास छापून येतं, आणि दर वेळी मला तिथे थांबून ‘दृश्य’ हा शब्द पेनने लिहावासा वाटतो. ही मर्यादा विश्वाने घातलेली नाही, वेळेने घातली आहे. त्यापलीकडच्या प्रकाशाला इथे यायला अजून वेळ मिळालेला नाही. तिथे बसलेल्या कुणाचं दृश्य विश्व वेगळं असेल, त्याच्या मध्यभागी तो असेल, आणि त्याच्या कडेवर कदाचित आपण असू.

आता त्रिकोण. अणू बनण्याआधीचं विश्व तापलेल्या द्रवासारखं होतं आणि त्यात दाबाच्या लहरी, म्हणजे ध्वनीच, पसरत होता. प्रकाश मोकळा झाला त्या क्षणी या लहरी थांबल्या. तोवर त्यांनी किती अंतर कापलं, हे भौतिकशास्त्राने काढता येतं : त्या वेळी सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षं. हा त्रिकोणाचा पाया. त्याच्या दोन बाजू म्हणजे तिथून आपल्यापर्यंतची वाट, तीही माहीत. उरतो शिरोकोन, आणि तो आपल्या आकाशात आहे. पार्श्वभूमी प्रारणावर गरम-थंड डागांची नक्षी आहे, एक लाखात एखाद्या भागाएवढ्या फरकाची. अवकाश सपाट असेल तर त्यातले सगळ्यात ठळक डाग साधारण १ अंशाचे दिसायला हवेत, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंद. धन वक्रता असेल तर वाटेत किरण एकत्र वळून ते मोठे दिसतील, ऋण असेल तर लहान.

डिसेंबर १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावरून दुर्बीण लावलेला एक फुगा सोडला गेला. प्रयोगाचं नाव बूमरँग. सुमारे ३७ किलोमीटर उंचीवरच्या ध्रुवीय वाऱ्यांनी त्या दुर्बिणीला खंडाभोवती फिरवून सुमारे १० दिवसांनी जिथून निघाली होती तिथेच जवळपास परत आणलं. अवकाश स्वतःत मिटतं का हे तपासायला निघालेलं उपकरण स्वतः एका मिटलेल्या पृष्ठभागावरून एकाच दिशेने जात जात घरी आलं. मला हा योगायोग फार सुंदर वाटतो. एप्रिल २००० मध्ये निकाल छापला. डाग १ अंशाचे. विश्व सपाट.

आणि वजन? तेही त्याच सुमारास जुळलं. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांचा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांचा, अभ्यास करणाऱ्या दोन गटांना विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं आढळलं. त्यासाठी लागणारी कृष्ण ऊर्जा क्रांतिक घनतेच्या सत्तर टक्क्यांच्या जवळ भरते. ही ऊर्जा काय आहे ते आजही उमगलेलं नाही, पण काट्यावर ती बरोबर तेवढीच पडली जेवढी कमी होती. दोन अगदी स्वतंत्र वाटांनी आलेली माणसं एकाच आकड्यापाशी भेटली. विज्ञानात इतकं समाधान देणारे क्षण थोडेच येतात.

त्यानंतर डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी हा त्रिकोण अधिकाधिक बारकाईने मोजला. प्लँकच्या २०१८ च्या विश्लेषणात, दीर्घिकांच्या वितरणाची माहिती सोबत धरून, वक्रतेचा वाटा (क्रांतिक घनतेच्या मानाने) ०.०००७ आला आणि त्यातली अनिश्चितता ०.००१९. म्हणजे शून्य, एका टक्क्याच्या पाचव्या भागाइतक्या अचूकतेने. प्लँकची आकडेवारी एकटीच घेतली तर ती थोडी धन वक्रतेकडे झुकते, आणि २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तो झुकाव गंभीरपणे घ्यावा असं म्हटलं. इतरांनी तो सांख्यिकीचा चढउतार असल्याचं दाखवलं. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण पहिली बाजू मांडणाऱ्यांचं काम वाया गेलं असं अजिबात वाटत नाही. इतक्या मोठ्या निष्कर्षाला कुणीतरी टोचून पाहायलाच हवं.

इथे बरेचजण थांबतात. सपाट, म्हणून अनंत, विषय संपला. पण आर्कायटसची घाई ती हीच, फक्त कपडे बदलून आलेली. फ्रीडमनची नोंद आठवा.

एक सपाट कागद घ्या. त्यावर काढलेल्या त्रिकोणाचे कोन १८०. आता त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा जोडून नळकांडं करा. कागद ताणला नाही, सुरकुतला नाही, त्रिकोणाचे कोन अजूनही १८० च आहेत. पण एका दिशेने चालत गेलं तर आता परत येता येतं. उरलेल्या दोन कडाही मनातल्या मनात अशाच जोडल्या, की सपाट आणि तरीही सर्व दिशांनी मोजकी जागा तयार होते. आपल्या त्रिमितीय अवकाशात हेच करायचे अनेक प्रकार आहेत. गणितज्ञांनी ते मोजून ठेवलेत : सपाट त्रिमितीय अवकाशाचे एकूण १८ प्रकार, त्यांतले १० पूर्णपणे सांत. त्रिकोण मोजून यांतला कुठला आपला, ते कळत नाही. सगळ्यांत कोन १८० च. वक्रता म्हणजे जागेजागेची गोष्ट, आणि जोडणी ही सगळ्या विश्वाची मिळून एक गोष्ट. तिला टोपॉलॉजी म्हणतात.

ती शोधायची एक युक्ती १९९८ मध्ये कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांनी सुचवली. विश्व जर आपल्या दृश्य गोलापेक्षा लहान असेल, तर तो गोल स्वतःलाच छेदेल आणि छेदाचं वर्तुळ आपल्याला आकाशात दोन वेगवेगळ्या दिशांना दिसेल, त्याच त्या गरम-थंड डागांसह. सगळं आकाश तपासायचं आणि जुळी वर्तुळं शोधायची. २००३ मध्ये जाँ-पिएर ल्युमिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून देखणी शक्यता मांडली : विश्व बारा पंचकोनी भिंतींच्या द्वादशफलकासारखं असावं, एका भिंतीतून बाहेर पडलेला समोरच्या भिंतीतून, थोडा फिरून, आत यावा. मोठ्या कोनांवर प्रारणाची नक्षी अपेक्षेपेक्षा फिकी दिसत होती, तिचं स्पष्टीकरण त्यातून निघत होतं. द्वादशफलकाला ब्रह्मांडाशी जोडण्याचा मोह प्लेटोच्या काळापासूनचा, आणि क्षणभर वाटलं की तो खरा ठरतो की काय. वर्तुळं शोधली. सापडली नाहीत. प्लँकच्या नकाशातही नाहीत. २०२४ मध्ये कॉम्पॅक्ट या संशोधकगटाने दाखवलं की वर्तुळं न सापडल्यामुळे सगळे प्रकार बाद होत नाहीत. दृश्य गोलापेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या काही जोडण्यांची पुसट खूण प्रारणाच्या नक्षीत अजूनही लपलेली असू शकते. म्हणजे शोध संपलेला नाही.

मला स्वतःला काय हवं, हे या प्रश्नात गैरलागू आहे, पण ते लपवणार नाही. मला सांत विश्व हवं आहे. अनंताची भीती वाटते म्हणून नव्हे, किंवा ते फार मोठं आहे म्हणूनही नव्हे. अनंत विश्व सगळीकडे साधारण सारखंच असेल, तर त्यात मोजक्या कणांची मोजकी मांडणी पुन्हा पुन्हा यायलाच हवी. म्हणजे कुठेतरी, कल्पनेपलीकडच्या अंतरावर, हीच पृथ्वी, हेच लिहिणारे हात, आणि शेवटच्या वाक्यात एक शब्द वेगळा असलेले दुसरे हात. काही जणांना यात दिलासा मिळतो. माझ्या मनाला ते रुचत नाही. एखादी गोष्ट एकदाच घडली, याचं मोल मला फार वाटतं, आणि अनंत विश्व ते काढून घेतं.

अनंताची दुसरी अडचण मनाला आणखी जड जाते. महास्फोटाच्या वेळी सगळं विश्व एका बिंदूत होतं, असं आपण सरसकट म्हणतो. पण अनंताला कितीही अब्जांनी भागलं तरी अनंतच उरतं. विश्व आज अनंत असेल तर पहिल्या क्षणीही ते अनंतच होतं. बिंदूएवढा होता तो फक्त आपला दृश्य भाग. महास्फोट हा एका ठिकाणी झालेला स्फोट नव्हे, तो सगळीकडे, एका अनंत विस्तारात, एकदम सुरू झालेला प्रसार. हे समजून घेणं सोपं नाही, आणि शाळेच्या पुस्तकांतली स्फोटाची चित्रं ते आणखी अवघड करतात.

बरं, विश्व इतकं सपाट का? सपाटपणा नाजूक असतो. सुरुवातीला घनतेत किंचित फरक असता तर तो काळाबरोबर वाढत गेला असता. आज जे दिसतं ते दिसायला, विश्व एका सेकंदाचं असताना घनता क्रांतिक मूल्याशी दशांशचिन्हानंतर १५ हून जास्त स्थळांपर्यंत जुळलेली असायला हवी. ॲलन गूथने १९८१ मध्ये याला उत्तर सुचवलं : अगदी पहिल्या क्षणी अवकाश अतिप्रचंड वेगाने फुगलं आणि जी काही वक्रता होती ती ताणून ताणून दिसेनाशी झाली. हे खरं असेल, तर सपाटपणा हा विश्वाचा आकार नव्हेच, आपण त्याचा फार छोटा तुकडा पाहतोय याची ती खूण आहे. आजच्या मोजमापांत बसेल एवढी धन वक्रता धरली, तर रीमानच्या तऱ्हेच्या विश्वाची वक्रतात्रिज्या निदान अडीचशे अब्ज प्रकाशवर्षं निघते. सरळ जाऊन परत येण्याची वाट दीड हजार अब्जांहून लांब. आणि हा आकडा फक्त खालचा. वरचा कुणालाच देता येणार नाही.

यातली विषमता मला कधी विसरता येत नाही. विश्व सांत असेल, तर ते एके दिवशी कळू शकतं : त्रिकोणाच्या बेरजेत थोडंसं जास्त निघालं, किंवा आकाशात वर्तुळांची एक जोडी सापडली, की झालं. विश्व अनंत असेल, तर ते कधीच कळणार नाही. मोजणारा म्हणू शकतो ते एवढंच, की अजून टोक दिसलं नाही. शिवाय मोजण्यालाही एक तळ आहे. विश्वातल्या मूळच्या चढउतारांचं प्रमाण एक लाखात एक असल्यामुळे, वक्रता साधारण दहा हजारात एका भागाहून कमी असेल तर ती सबंध विश्वाची आहे की फक्त आपल्या भागातला एक उंचवटा आहे, हे कुठल्याही उपकरणाला सांगता येणार नाही. आज आपण त्या तळापासून जेमतेम वीस पट वर आहोत. जुलै २०२३ मध्ये सोडलेल्या युक्लिडसारख्या दुर्बिणी आणि पुढची सर्वेक्षणं हे अंतर कमी करत नेतील. म्हणजे हा शोध न संपणारा नाही. बहुधा पुढच्या काही पिढ्यांतच त्रिकोणाने सांगता येण्यासारखं जे आहे ते सगळं सांगून होईल.

थांबून राहिलं तर पुढे जास्त दिसेल, हीही आशा फार धरता येत नाही. जसजसा काळ जाईल तसतसा अधिक दूरचा प्रकाश येत राहील खरा, पण प्रसरण वेग घेत असल्याने त्यालाही शेवट आहे. आजच्या अंतरांत मोजलं तर जे ६२ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे आहे, ते कितीही वाट पाहिली तरी कधीच दिसणार नाही. शेकडो अब्ज वर्षांनंतरच्या आकाशात दूरच्या दीर्घिका विझत जातील आणि पार्श्वभूमी प्रारणही ओळखू न येण्याइतकं क्षीण होईल. तेव्हाच्या कुणाला मोजायला हा त्रिकोणच उरणार नाही. आपल्याला तो मिळाला तो काळाच्या अशा एका टप्प्यावर, जिथे प्रकाश पुरेसा दुरून आलाय आणि अजून विझलेला नाही.

हे ६२ अब्ज मात्र कृष्ण ऊर्जा कायम सारखीच राहील या गृहीतकावर उभे आहेत. अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेवरून दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेझी या प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये जे निकाल दिले, त्यांत ती ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असल्याचे इशारे आहेत. शोध म्हणावा इतके ते पक्के नाहीत. पण ती खरोखर क्षीण होत असेल, तर ही मर्यादा पुढे सरकू शकते, आणि त्रिकोणाचा हिशेबही पुन्हा मांडावा लागेल, कारण वक्रता आणि कृष्ण ऊर्जा मोजमापात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकीची किंमत बदलली की दुसरीचीही तपासावी लागते. पुढच्या निकालांची वाट मी त्यासाठीच पाहते आहे.